तन्मयचं वय काढा

“खटावकर सुनेत्रा. तेहतीस.”

सर माझ्याकडे न बघताच म्हणाले आणि पेपर टेबलाच्या कडेला सरकवला. मी उठले, पेपर घेतला, जागेवर आले आणि शेजारच्या रुबिनाच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागले. तसं बघायला गेलं तर पन्नासात तेहतीस म्हणजे माझ्या अख्ख्या जन्मातले बीजगणितातले सगळ्यात जास्त मार्क होते. पण मला पस्तीस हवे होते. पस्तीस म्हणजे सोलापूर, पस्तीस म्हणजे चौफेर! आणि तेहतीस म्हणजे रविवारी घरी बसून मेथी निवडायची.

“दोनच कमी आहेत गं,” रुबिना माझी वेणी कुरवाळत म्हणाली. “दोन म्हणजे काय, आत्ता वाढवून आणू.”

“कुणाकडून? त्यांच्याकडून?”

तिनं माझी वेणी सोडून दिली. कारण ते म्हणजे आमचे बीजगणिताचे खटावकर सर, आणि खटावकर सर म्हणजे माझे सख्खे वडील.

ही गोष्ट दोन हजार एक सालातली, बार्शीची. मी तेव्हा नववीत होते. घराच्या फाटकाच्या आत ते अण्णा आणि फाटकाबाहेर सर, असा त्यांनी माझ्या पाचवीपासून नियमच घालून दिला होता. सहावीत एकदा माझ्या तोंडून भर वर्गात “अण्णा, पाणी पिऊन येऊ?” असं निसटलं, तर फळ्याकडून वळून त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “कोण अण्णा?” वर्ग महिनाभर हसत होता. गावात त्यांचा दरारा एवढा, की रस्त्यातून जाताना पोरं सायकलवरून उतरायची. आणि त्यांची मुलगी बीजगणितात मागच्या चाचणीला पन्नासात नऊ! “दिव्याखाली अंधार हो,” असं आमच्या वाण्यानं साबूदाणा बांधता बांधता आईला ऐकवलं होतं.

माझं डोकं चालत नव्हतं असं नाही, बरं का. ते दुसरीकडे चालत होतं. चौफेर म्हणजे पुण्याची चार पोरं. भर मे महिन्यात चामड्याची जाकिटं घालून गायची आणि नाचायची. शौनक, रॉय, ढोल बडवणारा डॅनी, आणि तन्मय. तन्मय! तन्मयच्या डाव्या गालाला खळी होती, उजव्या नाही. त्याच्या बुटाचा नंबर आठ. त्याच्या कुत्र्याचं नाव बिस्किट. वांगं खाल्लं की त्याच्या अंगावर पित्त उठायचं, म्हणून मी वांगं सोडलं होतं आणि आईनं कपाळ बडवून घेतलं होतं. त्याचं वय एकोणीस. ही सगळी माहिती रुबिनानं आणि मी मिळून एका जाडजूड चिकटवहीत जमवली होती. एकशे बेचाळीस पानं. वर्तमानपत्रातली कात्रणं, कॅसेटची कव्हरं, टीव्हीवर कुणी काही बोललं तर ते पळत पळत लिहून घेतलेलं. आणि शेवटच्या पानावर शपथ: ‘आम्ही चौफेरच्या आजन्म फॅन आहोत आणि राहू.’ खाली एक, दोन असे आकडे घालून आमच्या सह्या.

ते नऊ मार्क घरी आले त्या दिवशी अण्णांनी चिकटवही जप्त केली.

“सोलापूरला त्या पोरांचा कार्यक्रम आहे म्हणे,” ते म्हणाले.

“रुबिनाच्या मामूंचं मंडप डेकोरेशन आहे. तिथल्या खुर्च्या त्यांच्याच आहेत. चार पास मिळणारेत,” मी एका दमात सांगून टाकलं.

“पुढच्या चाचणीत पस्तीस पाड. मी स्वतः नेईन. चौतीस पडले तर नाही.”

तीन आठवडे मी रात्रीचा दिवस केला म्हणण्यापेक्षा दिवसाचा दिवस केला असं म्हणू, कारण नऊ वाजता माझे डोळे मिटायचे. पण केलं खरं. आणि चाचणीच्या दिवशी पेपर हातात पडला, तर सहावा प्रश्न असा:

‘डॅनी व तन्मय यांच्या आजच्या वयांची बेरीज ५१ आहे. डॅनी तन्मयपेक्षा ३ वर्षांनी मोठा आहे. तर तन्मयचे आजचे वय काढा. (गुण ४)’

मला घेरीच आली. चाचणीपुरती पुढच्या बाकावर बसवलेली रुबिना मागे वळून माझ्याकडे बघायला लागली आणि सरांनी तिच्या बाकावर खडू फेकला. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. चिकटवही जप्त केली ती केली, वर माझ्याच तन्मयला पेपरात आणून बसवला! रागानं मी मांडणी नाही केली, समीकरण नाही, काही नाही. नुसतं लिहिलं: ‘तन्मयचे वय १९ वर्षे. हे सर्वांना माहीत आहे.’ आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यावर आता लाल शाईचं भलंमोठं शून्य होतं.

तर आमच्या शाळेत पेपर मिळाले की उरलेला तास मार्क वाढवून घेण्यात जायचा. पोरं रांगेनं टेबलाशी जायची, “सर, इथं पायरी बरोबर आहे, अर्धा तरी द्या,” म्हणून गयावया करायची. सर कधी अर्धासुद्धा द्यायचे नाहीत. पण त्यांचा एक नियम होता. प्रश्नातली माहितीच खोटी निघाली, तर अख्ख्या वर्गाला त्या प्रश्नाचे पूर्ण मार्क. आदल्या वर्षी त्यांनी ‘शाळेचा हौद दोन नळांनी तीन तासांत भरतो’ असं गणित घातलं होतं. तेव्हा शिपाईमामांचा दिगंबर उठून म्हणाला होता, “सर, दुसरा नळ दिवाळीपासून बंद आहे.” सर स्वतः मैदानात जाऊन नळ पिरगाळून बघून आले आणि वर्गाला पाच-पाच मार्क देऊन मोकळे झाले होते.

मी डोळे पुसले आणि उभी राहिले.

“सर, सहावा प्रश्न चुकलाय.”

“चुकलाय. शून्य दिलंय.”

“माझा नाही सर. तुमचा.”

वर्गानं एका सुरात “ओऽऽ” केलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कसा?”

“तुमच्या गणितानं तन्मयचं वय भलतंच काहीतरी येतं. तन्मय एकोणीस वर्षांचा आहे. म्हणजे माहिती खोटी आहे. म्हणजे सगळ्या वर्गाला चार मार्क.”

चार मार्क म्हटल्यावर अख्खा वर्ग माझ्या बाजूचा झाला. ज्यांना चौफेर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, ती मागच्या बाकावरची पोरंही “एकोणीसच सर, एकोणीसच!” म्हणून ओरडायला लागली.

“पुरावा?”

“चिकटवहीत आहे सर. पण चिकटवही… जप्त आहे.”

मला वाटत होतं, ती घरी लोखंडी कपाटात कुलपात असेल. सरांनी खुर्चीशेजारची आपली चामड्याची बॅग उघडली, खालून चिकटवही काढली आणि टेबलावर ठेवली.

“पान सात,” ते म्हणाले. “वाच.”

पान सातवर नव्या कॅसेटचं कव्हर. मी ठणकावून वाचलं: “तन्मय, वय एकोणीस!” वर्गानं टाळ्या पिटल्या.

“आता पान अठ्ठावन्न.”

पान अठ्ठावन्नवर डॅनीची मुलाखत होती. मी वाचायला लागले. “‘मी आणि तन्मय मिळून एक्कावन्न वर्षांचे आहोत, पण अक्कल म्हणाल तर दोघांत मिळून पाच वर्षांच्या पोराची…’” माझा आवाज जरा खाली आला.

“पान त्र्याण्णव.”

त्र्याण्णववर रुबिनाचं अक्षर. उन्हाळ्यात टीव्हीवर तन्मयची आई आली होती, तेव्हा रुबिनानं लिहून घेतलेलं. “‘डॅनी आमच्या तन्मयहून तीन वर्षांनी मोठा, पण हा त्याला दादा म्हणेल तर शपथ.’”

“ही माहिती कुणी जमवली?”

“आम्ही.”

“खोटी आहे?”

“नाही सर! शब्द न् शब्द खरा आहे!”

“मग मांड फळ्यावर.”

खडू हातात घेऊन मी फळ्यापाशी गेले. तन्मयचं वय एक्स. डॅनीचं एक्स अधिक तीन. दोन्ही मिळून एक्कावन्न. दोन एक्स अधिक तीन बरोबर एक्कावन्न. दोन एक्स बरोबर अठ्ठेचाळीस. कुणाला काही न विचारता, कुठंही न अडखळता सोडवलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं समीकरण. एक्स बरोबर चोवीस.

“चोवीस?” मागून कुणीतरी किंचाळलं. “अगं, म्हातारा आहे तो!”

“पण कव्हरवर छापलंय!” मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात रुबिना उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“सुनेत्रा,” ती म्हणाली, “पहिल्या कॅसेटवर पण एकोणीसच आहे.”

“असेल की.”

“अगं, पहिली कॅसेट दोन वर्षांपूर्वीची आहे.”

नऊ जूनला तन्मयचा वाढदिवस. मागच्या वर्षी आम्ही पेढे वाटले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा झाला. यंदा पेढे वाटले, तेव्हाही एकोणीसच झाला. दोन वर्षं आम्ही पेढे वाटत होतो आणि पोरगा जागचा हलत नव्हता, आणि आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं! रुबिनाला आधी हसू फुटलं. मग मला. मग अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. हसता हसता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, कारण आपलेच दात आपल्याच घशात गेले होते. प्रश्न बरोबर होता. तेहतीस ते तेहतीसच राहणार होते. सोलापूर गेलं.

“बस जागेवर,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पडेल होता.

मी चिकटवही मिटायला घेतली. पानं उलटताना अठ्ठावन्न परत समोर आलं. डॅनीच्या मुलाखतीशेजारी कापताना राहून गेलेली अर्धी जाहिरात होती: ‘यंदाच्या दिवाळीत सुगंधी उटणे…’ मी हातातला पेपर बघितला. परत कात्रण बघितलं. परत पेपर.

“सर.”

“आता काय?”

“प्रश्नात तुम्ही ‘आजच्या वयांची बेरीज’ म्हटलंय.”

“मग?”

“ही मुलाखत आजची नाही. गेल्या दिवाळीची आहे. ही उटण्याची जाहिरात बघा. त्यानंतर डॅनीचा वाढदिवस होऊन गेला, चौदा फेब्रुवारी. तन्मयचा होऊन गेला, नऊ जून. दोघंही एकेक वर्षानं वाढले. आज बेरीज एक्कावन्न नाहीच, सर! आज त्रेपन्न आहे!”

सर उठले. त्यांनी चिकटवही उचलून डोळ्यांजवळ धरली, उटण्याची जाहिरात वाचली. मग फळ्यापाशी गेले, हातानंच एक्कावन्न पुसलं आणि त्रेपन्न लिहिलं. दोन एक्स बरोबर पन्नास. एक्स बरोबर पंचवीस. खडू खाली ठेवला. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

“दिलेली माहिती चुकीची आहे,” ते फळ्याकडेच बघत म्हणाले. “सगळ्या वर्गाला चार मार्क. खटावकर, सदतीस.”

मग जो काही गोंधळ झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या बाई छडी घेऊन आल्या. मागच्या बाकावरची पोरं “तन्मय पंचवीस!” म्हणत नाचत होती. सदतीस! रुबिनानं मला उचललं, तिला मी पेलवले नाही, आणि आम्ही दोघी दप्तरांवर आपटलो.

“पंचवीस तर पंचवीस,” ती खालूनच म्हणाली. “अगं, नोकरीला असण्याचं वय आहे. घरच्यांना पसंत पडेल.”

रविवारी आम्ही चौघं सोलापूरला गेलो. मी, रुबिना, आई आणि अण्णा. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घातला होता आणि कानांत कापसाचे बोळे. मैदानावर दुपारी चारलाच तीन-चार हजार पोरं जमली होती. मामूंनी आम्हाला पाचव्या रांगेत बसवलं. चौफेर स्टेजवर आले आणि मी आणि रुबिना पहिल्या मिनिटापासून जे किंचाळायला लागलो, ते आईनं दोनदा खडीसाखर तोंडात घातली तरी थांबलो नाही. मधेच मी तिरकं बघितलं. अण्णा हाताची घडी घालून, पेपरावर देखरेख करतात तसे ताठ बसले होते.

तीन गाणी झाल्यावर निवेदक पुढे आला. “सोलापूर! आता बघू किती खरे फॅन आहात. सांगा, आपल्या लाडक्या तन्मयचं वय किती? बरोबर सांगेल त्याला ही सही केलेली टोपी!”

“एकोणीऽऽस!” मैदान गरजलं.

रुबिना आणि मी गप्प. आमच्या तोंडून एकोणीस निघेना, आणि खरं सांगावं तर तन्मयला उघडं पाडायचाही धीर होईना. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. अण्णा उठले होते. त्यांनी कानातला कापूस काढला, खिशात ठेवला आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“पंचवीस!”

सत्तर-सत्तर पोरांच्या वर्गात बावीस वर्षं माइकशिवाय कमावलेला आवाज होता तो. तो थेट स्टेजवर गेला. मैदान वळून आमच्याकडे बघायला लागलं. आईनं पदर तोंडाला लावला.

“कोण काका ते?” तन्मयनं डोळ्यांवर हात धरून विचारलं.

“रीत सांगू?” अण्णा ओरडले. “डॅनी अधिक तन्मय, गेल्या दिवाळीला एक्कावन्न! डॅनीचा वाढदिवस चौदा फेब्रुवारी, तुमचा नऊ जून! म्हणून आज त्रेपन्न! तुमच्या मातोश्री म्हणतात, फरक तीनचा! दोन एक्स अधिक तीन बरोबर त्रेपन्न!”

डॅनी ढोलावर डोकं ठेवून हसायला लागला, आणि मग त्यानं ढोल असा काही बडवला की विचारू नका. तन्मयनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, गुडघे टेकले आणि तिथूनच हात जोडले. “काका, बास! आमचा मॅनेजर बघा, चक्कर येऊन पडेल! बरोबर आहे. पंचवीस. टोपी तुमची.” पोरींनी आधी “नाऽऽही” केलं आणि मग पूर्वीपेक्षा दुप्पट किंचाळल्या. खळी होतीच की जागेवर!

टोपी हातोहात पाचव्या रांगेत आली. अण्णांनी ती घेतली नाही.

“टोपी माझी नाही,” ते त्याच आवाजात म्हणाले. “मी एक्कावन्न धरलं होतं, मी चुकलो होतो. बरोबर उत्तर हिनं काढलं.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ही सुनेत्रा. माझी मुलगी.”

चार हजार लोकांत, फाटकाच्या बाहेर सत्तर किलोमीटरवर, त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं. टाळ्या वाजत होत्या, रुबिना मला गदागदा हलवत होती, तन्मय माझ्याकडे बघून हात हलवत होता, आणि मी बघत होते अण्णांकडे. मला इतका आनंद झाला होता की किंचाळायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकटवही माझ्या अभ्यासाच्या टेबलावर होती. आमच्याकडे वह्या तपासून झाल्या की सर प्रत्येक पानावर लाल शाईनं ‘पाहिले’ लिहायचे, खाली आद्याक्षरं आणि तारीख. मी चिकटवही उघडली. पान एक, ‘पाहिले’. पान दोन, ‘पाहिले’. बिस्किट कुत्र्याच्या फोटोखाली ‘पाहिले’. वांग्याच्या पित्तापाशी ‘पाहिले’, आणि शेजारी बारीक अक्षरात, ‘म्हणून तू सोडू नयेस’. पान सातवर, जिथं वर्गात भांडायच्या भरात मला लाल शाई दिसलीच नव्हती, तन्मयच्या एकोणीसभोवती लाल गोल आणि समासात, ‘कसे? रीत दाखवा’. एकशे एक्केचाळीस पानं त्यांनी वाचली होती. जप्त केली त्याच संध्याकाळची पहिली तारीख होती, रोज सहा-सात पानं. सहावा प्रश्न त्यांनी चेष्टेनं घातलाच नव्हता. मला चार मार्क हमखास पडावेत म्हणून त्यांनी माझ्या चिकटवहीत शिरून प्रश्न शोधला होता, आणि मी तोच रागानं सोडून दिला होता.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. चौफेर तर त्याच्या कितीतरी आधी मोडलं. टोपी रुबिनाकडे आहे, चिकटवही माझ्याकडे. परवा माझी लेक विचारत होती, ही शेवटच्या पानावरची सही कुणाची गं?

‘आम्ही चौफेरच्या आजन्म फॅन आहोत आणि राहू.’ खाली एक, सुनेत्रा खटावकर. दोन, रुबिना शेख. आणि त्याखाली लाल शाईत, वळणदार अक्षरात: ‘३. वि. गो. खटावकर, बी.एस्सी., बी.एड.’

तारीख चाचणीच्या आदल्या दिवसाची आहे.